अंगठ्याची ओळख पटली नाही

४ मार्च, सकाळी १०.१०, ऑफिस

आज सकाळी नऊ वाजून अठ्ठावीस मिनिटांनी मी अस्तित्वात नसल्याचं अधिकृतरीत्या जाहीर झालं. जाहीर करणारी वस्तू साबणाच्या वडीएवढी, दाराशेजारी भिंतीला लटकलेली. अंगठा ठेवला. लाल दिवा. शर्टाला पुसून ठेवला. लाल. फुंकर मारून ठेवला. लाल. बावीस वर्षं मी या कंपनीत विम्याचे दावे तपासतोय. शेकडो माणसांना 'ओळख पटत नाही' म्हणून परत पाठवलं असेल, पण खुर्ची देऊन, पाणी विचारून. या यंत्राने मला उभ्या उभ्या नाकारलं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, साहेब, वारलात की काय? हशा पिकला.

हजेरीच्या बाई म्हणाल्या, नियम आहे, तीन दिवस लाल आला की अर्धी रजा. हवं तर डावा अंगठा नोंदवा. मी म्हणालो, बाई, प्रश्न अंगठ्याचा नाही, तत्त्वाचा आहे. त्या म्हणाल्या, तत्त्वाचा रकाना नाही यात.

कारण क्षुल्लक आणि गौरवास्पद आहे. उजव्या अंगठ्यावर फोड. बेस गिटारचा.

४ मार्च, संध्याकाळ

नीट लिहून ठेवतो.

कन्या सतरा वर्षांची. ड्रम वाजवते. लहानपणी चमचा, ताट, भिंत, आईची पाठ, जे सापडेल ते वाजवायची, म्हणून घरातलं नाव टिकटिक. तिच्या बँडमध्ये तिघी. टिकटिक, गिटार वाजवत गाणारी एक, आणि बेसवर 'लांब', जिला आमच्या दारातून वाकून आत यावं लागतं. गेल्या आठवड्यात लांब सायकलवरून पडली. डाव्या मनगटाच्या हाडाला बारीक चीर, पाठीवरच्या बेसचे दोन तुकडे. कॉलेजचा कार्यक्रम बावीस एप्रिलला. टिकटिक ताटावर रडकुंडीला आली. आता कोण वाजवणार?

तेव्हा कोणीतरी म्हणालं, मी आहे ना. आवाज माझा होता.

यात वावगं काही नाही. तिला कळायला लागल्यापासून मी सांगत आलोय, कॉलेजात मी बँडमध्ये होतो. बेसवर. तोही साधा नाही, स्लॅप. अंगठ्याने जाड तारेवर फटका, तर्जनीने बारीक तार ओढून फट्‌कन सोडायची, आणि सगळं सभागृह उभं. सभागृह उभं असायचं हे शंभर टक्के खरं आहे.

शुक्रवारी सेकंडहँड बेस घेतला. तीन दिवसांत फोड. म्हणजे प्रगती वेगात आहे. संकल्प: रोज सकाळी पाऊण तास. सव्वीस वर्षांचा गंज आहे, पंधरा दिवसांत उतरेल.

ही त्याच कॉलेजात होती. ही काही बोलत नाहीये. इतकं न बोलणं हिच्या प्रकृतीला बरं नाही.

७ मार्च

शिकवणी लावली. म्हणजे उजळणी. मॅडम लाँड्रीच्या वरच्या खोलीत शिकवतात. जिन्यातच कपड्यांच्या वाफेचा वास. विचारलं, आधी वाजवलंय? म्हणालो, थोडंफार. म्हणाल्या, वाजवा. वाजवलं. मग थोडा वेळ आम्ही दोघं खालच्या इस्त्रीची फुसफुस ऐकत बसलो. मग म्हणाल्या, कधीच नाही ना?

म्हणालो, आमच्या वेळची पद्धत वेगळी होती.

अंगठा बघायला मागितला. फोड पाहून खूश होतील असं वाटलं. म्हणाल्या, चुकीच्या जागी आलाय. पोटावर नको. इथे, सांध्याच्या कडेला, हाडावर यायला हवा. मारायचं आणि तत्क्षणी परत यायचं. तापलेल्या तव्याला हात लागला की कसा येतो? मनगट किल्ली फिरवल्यासारखं फिरायला हवं. तुम्ही अंगठा टेकवून तिथेच बसता. काय करता तुम्ही?

विम्याचे दावे तपासतो, म्हणालो.

वाटलंच, म्हणाल्या. तुम्ही तारेवर शिक्का मारताय.

बाई चांगल्या आहेत. कल्पनाशक्ती कमी.

११ मार्च, सकाळी ७.५०

दारावर टकटक. खालचे काका. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, एकटे राहतात. हातात चहाचा कप. तक्रार घेऊन आलेत हे ओळखून मी आधीच कायदा काढला, की सात ते नऊ वाद्य वाजवायला मनाई नाही. काका म्हणाले, वाजवा हो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तुम्ही रोज तिसऱ्या ठोक्याला उशीर करता. एक येतो, दोन येतो, मग मी कप तोंडाशी नेऊन थांबतो. तिसरा येतच नाही. चहा गार होतो.

ऐकणाऱ्याला थांबायला लावणं ही कलाच आहे, हे त्यांना सांगितलं नाही. वयाचा मान.

१५ मार्च

लाल दिवा. तिसरा. (मधले दिवस दहा-बारा प्रयत्नांनी कसाबसा हिरवा आला.) अर्धी रजा गेली.

बावीस एप्रिलचा कार्यक्रम सोमवारी दुपारी तीनला आहे. वर्षाच्या रजा संपत आल्यात, एकच पूर्ण उरली होती. आता अर्धी. अंगठा असाच राहिला तर ज्या दिवसासाठी झिजवतोय त्याच दिवशी मी ऑफिसात असेन. यावर साहेबांशी बोललो. साहेब म्हणाले, अंगठ्याला पट्टी लाव. म्हणालो, पट्टी लावली तर यंत्र ओळखणार नाही. म्हणाले, पट्टी न लावता तरी कुठे ओळखतंय?

डावा अंगठा नोंदवणार नाही. फोड जाईल तेव्हा ठसा परत येईल. आणि फोड गेला म्हणजे हात बसला. दोन्ही गोष्टी एकदमच होतील असं वेळापत्रक आहे.

१८ मार्च

लांबच्या आईला फोन केला. निव्वळ चौकशी. या क्षेत्रातला जाणकार म्हणून सांगितलं, कोवळ्या हाडाला घाई करू नये, प्लॅस्टर चांगलं आठ आठवडे ठेवा. त्या म्हणाल्या, डॉक्टर चार म्हणतात. मी म्हणालो, डॉक्टर काय, वाटेल ते लिहून देतात, आमच्याकडे रोज कागद येतात. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. म्हणाल्या, तुम्ही घाबरवू नका हो.

मी फक्त काळजी व्यक्त केली. फोन ठेवल्यावर हात धुतले. का, माहीत नाही.

२३ मार्च, शनिवार

पहिली तालीम. गाणारीच्या घराच्या मागच्या खोलीत, एका बाजूला वॉशिंग मशीन. दोन गाणी ठीक गेली. म्हणजे त्यांच्या आवाजात माझं नीट ऐकू आलं नाही.

तिसऱ्या गाण्याच्या मधोमध मात्र गिटार थांबते, गाणं थांबतं. उरतात फक्त ड्रम आणि बेस. चार ठोक्यांचं एक आवर्तन, अशी आठ. स्लॅप. टिकटिकने ही जागा मुद्दाम बेससाठी ठेवलीये. ती लांबलाही इतकी मोठी देत नव्हती, म्हणाली. वाढवलीये, तुझ्यासाठी.

पहिल्या आवर्तनाला मी पुढे. दुसऱ्याला मागे. तिसऱ्यात नक्की कुठे होतो हे सांगणं कठीण, पण होतो. टिकटिक काठ्या थांबवून तोंडाने मोजायला लागली, एक, दोन, तीन, चार, लहान मुलाला जिना चढवतात तसं. तिची बोटं काठीवर पांढरी पडली होती. गाणारी म्हणाली, काका, वेगळंच वाटतं. परत घेतलं. परत. चौथ्यांदा वॉशिंग मशीनचा कार्यक्रम संपल्याची शिट्टी वाजली ती अचूक ठोक्यावर.

परतताना अर्ध्या रस्त्यात टिकटिकने विचारलं, बाबा, तू कॉलेजात असाच वाजवायचास?

म्हणालो, खोलीचा प्रतिध्वनी विचित्र आहे.

३० मार्च

लांबचं प्लॅस्टर निघालं. मनापासून आनंद झाला. नोंद म्हणून लिहितो, आनंद व्हायच्या आधी साधारण चार सेकंद दुसरंच काहीतरी झालं.

ती तालमीला येऊन बसली होती. मुठीत रबरी चेंडू दाबत. अशक्त दिसते बिचारी. तिने नुसतं बघितलं. माझ्या अंगठ्याकडे. मी वाजवत असताना तिचा उजवा अंगठा मांडीवर आपोआप उडत होता, आणि उडायचा तो प्रत्येक वेळी माझ्या आधी. नाही, काही वेळा माझ्या नंतरही. तेव्हा मी पुढे होतो.

७ एप्रिल, रविवार

संकट. बेसचा आवाजच गेला. आधी फाटका, मग कुजबुज, मग काही नाही. ॲम्प्लिफायर तपासला. तारा पुसल्या. मॅडमना फोन केला, उचलला नाही. पंधरा दिवस उरले आणि वाद्याने असा दगा द्यावा! दुकानदारावर दावा ठोकण्याचा मसुदा लिहायला घेतला.

दोन परिच्छेद झाले तेवढ्यात खालचे काका वर आले. आज तिसराच काय, पहिलाही आला नाही, म्हणाले. हातात त्यांचं मीटर, एक्स्चेंजच्या काळातलं, विजेचा दाब मोजायचं. बेसच्या पाठीमागचं झाकण त्यांनी उघडलं. आत चौकोनी बॅटरी. आत बॅटरी असते हे मला अर्थातच माहीत होतं. मीटर लावलं. म्हणाले, मेलीये. वाजवून झाल्यावर वायर बेसमधून काढता का?

म्हणालो, रोज कोण काढतं?

म्हणाले, अहो, वायर खोचलेली राहिली की वाजवा न वाजवा, बॅटरी जळत राहते. साधी गोष्ट. वायरवाल्या माणसाला विचारा कुणालाही.

वायर. मला.

दुकानं बंद. काकांनी आपल्या मीटरचं पोट उघडलं, त्यातली बॅटरी काढून माझ्या बेसमध्ये बसवली. परत द्या हं, म्हणाले, मीटर आंधळं झालं माझं. म्हणालो, उद्या संध्याकाळी हातात.

८ एप्रिल

बॅटरी द्यायची राहिली. उद्या.

९ एप्रिल

हिरवा दिवा! यंत्राने ओळखलं. तेही दुसऱ्याच प्रयत्नात. फोड सुकतोय. मॅडमनी अंगठा पाहिला. कडेला काही आहे का? नाही. सांध्यावर? नाही. म्हणाल्या, म्हणजे शिक्का मारणं थांबवलंय, पण दुसरं काही सुरू केलेलं नाही.

मी विचारलं, स्पष्ट सांगा, बावीस तारखेपर्यंत आठ आवर्तनं होतील? मॅडमनी खिडकीबाहेर वाळत टाकलेल्या चादरींकडे पाहिलं. म्हणाल्या, दोन होतील. चांगली होतील. मुलीला सांगा, दोनच ठेव.

सांगणार नाही. तिने वाढवलीयेत. माझ्यासाठी.

१२ एप्रिल

झोप नाही. जेवताना डावा हात टेबलाच्या कडेवर आपोआप तारा दाबतो. ही म्हणाली, टिकटिकशी बोला. मी म्हणालो, कशाबद्दल? ही म्हणाली, कशाबद्दल ते तुम्हाला माहीत आहे. मी म्हणालो, मला काहीच माहीत नाही. म्हणाली, तेही खरंच.

१३ एप्रिल

आता हे नवीन. कॉलेजच्या बाईंना कल्पना फार आवडली, वडील-मुलगी एका मंचावर. मागच्या पडद्यावर वडिलांच्या तरुणपणीचा वाजवतानाचा फोटो दाखवायचा. टिकटिक म्हणाली, एखादा असेलच ना. दे उद्यापर्यंत.

अल्बम काढला. एकच आहे. मंचावर तिघं. बेसवाला मध्यभागी, फ्लॅशने चेहरा पांढरा फटक. कोणाचाही असू शकतो असा चेहरा. आणि खाली उजव्या कोपऱ्यात एकजण उकिडवा बसलाय, हातात वायरीचं भेंडोळं.

काटेकोर बोलायचं तर बँडमध्ये माझ्याकडे वायरीचा विभाग होता. कुणी अडखळू नये म्हणून धरायची, झाल्यावर काढून गुंडाळायची. विभाग महत्त्वाचा होता. माझ्याइतका वेळ त्या बेसच्या जवळ दुसरं कोणी बसलेलं नाही. वर्षानुवर्षं सांगताना कधीतरी माणूस एक पायरी वर सरकतो. मुलं लहान असतात, डोळे मोठे करून ऐकतात. तेवढंच.

कात्रीने कोपरा कापला. बावीस वर्षं पाहतोय, खोटा कागद करणारे लोक नेहमी चुकीच्या जागी कापतात. मी नीट कापलं.

१४ एप्रिल, रविवार, दुपार

टिकटिकने फोटो खिडकीशी नेला. बराच वेळ पाहिला. म्हणाली, बाबा, हा डावखुरा आहे.

मी म्हणालो, फोटो उलटा छापला गेलाय.

म्हणाली, मागच्या फलकावरची अक्षरं सुलटी आहेत.

असा प्रश्न मी हजार माणसांना विचारलाय. समोरचा काय करतो हेही माहीत आहे, तो पाणी मागतो. मी पाणी मागितलं.

ती म्हणाली, इथे खाली एक हात राहिलाय. वायर धरलेला. मनगटावर आजोबांचं घड्याळ आहे.

मी डावा हात टेबलाखाली नेला. उशिरा. तिसऱ्या ठोक्याला होतो तितक्या.

म्हणजे तू वाजवायचा नाहीस.

नाही.

एकदाही?

एकदा. लोक यायच्या आधी, आवाज बघताना. एक तार.

आणि सभागृह उभं राहायचं ते?

म्हणालो, खुर्च्या नव्हत्या.

स्वयंपाकघरातून ही जोरात हसली. महिन्याभराचं एकदम. टिकटिक हसली नाही. तिने फोटो टेबलावर ठेवला, उताणा, नीट, कडेला कड लावून. म्हणाली, लहानपणी मी ड्रम का घेतले माहितीये? तुझ्याबरोबर वाजवायला कुणीतरी पाहिजे म्हणून. आणि आत गेली.

दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

१६ एप्रिल

घरात दोन दिवस कुठेही टिकटिक नाही. टेबलावर नाही, भांड्यांवर नाही, जिन्याच्या कठड्यावर नाही. चमचासुद्धा ती आवाज न करता ठेवते. सकाळी खालचे काका जिन्यात भेटले. बॅटरी मागितली नाही.

बेसला हात लावलेला नाही. वायर मात्र रोज काढलेली आहे का ते दोनदा जाऊन पाहतो.

१७ एप्रिल

मी ऑफिसातून यायच्या वेळी टिकटिक दारात उभी. चेहऱ्यावर काही नाही. म्हणाली, लांब वाजवेल. तीन गाणी तिचं मनगट टिकेल असं डॉक्टर म्हणालेत. पण तिचा बेस मोडलाय, तुझा लागेल.

म्हणालो, घ्या की. त्यासाठीच घेतला. (हे वाक्य मागे घेतो. त्यासाठी घेतला नव्हता.)

म्हणाली, आणि ती वाजवताना खूप हिंडते. पायात वायर अडकून पडली तर पुन्हा तेच मनगट. कुणीतरी बाजूला बसून वायर धरायला हवी. सगळा वेळ. लक्ष देऊन.

मी एक बूट काढला.

म्हणाली, येतोस की नाही ते सांग, नाहीतर दुसरं कुणी बघते.

म्हणालो, अर्धी रजा आहे.

आठ आवर्तनं आहेत तेवढीच ठेवलीत का, हे विचारायचं होतं. विचारलं नाही.

२२ एप्रिल, सकाळी ९.२५

अंगठा ठेवला. हिरवा. एका प्रयत्नात. ठसा जसाच्या तसा, रेघ न् रेघ. अंगठ्यावर आता कुठेच काही नाही. ना पोटावर, ना हाडावर.

हजेरीच्या बाई म्हणाल्या, बघा, आलात परत.

२२ एप्रिल, संध्याकाळ

खुर्च्या होत्या. भरलेल्या.

मी पडद्याच्या कडेला, उकिडवा. गुडघ्यांनी लगेच तक्रार नोंदवली, फेटाळली. पडद्यावर फोटो नव्हता, नुसतं बँडचं नाव. बेसच्या पाठीत काकांची बॅटरी. वायर माझ्या दोन्ही हातांत, लांब पुढे गेली की सोडायची, मागे आली की ओढून घ्यायची. पहिल्या दोन गाण्यांत तिने दोनदा न बघता मागे पाऊल टाकलं. दोन्ही वेळा पायाखाली वायर नव्हती.

तिसरं गाणं. गिटार थांबली, गाणं थांबलं. लांबने दात आवळले, मनगट दुखत असणार. अंगठा पडला आणि उडाला, पडला आणि उडाला, तव्यावरून उठावा तसा. मी मोजत होतो. आठच्या आठ होती. टिकटिकने एकही कमी केलं नव्हतं. सहाव्यात लांब गर्रकन वळली, वायर तिच्या पोटरीला वेढा घेणार, मी जमिनीसरसा आडवा होऊन ती सैल केली. सातवं. आठवं. टिकटिकने तेव्हा एकदा माझ्या दिशेला पाहिलं. माझ्याकडे नाही. वायरीकडे. मग पुढे बघून वाजवायला लागली.

टाळ्या वाजत असतानाच बेसमधून वायर काढली. सगळ्यात आधी. मग गुंडाळली.

येताना टिकटिक बसमध्ये शेजारी बसली. दोन थांबे गेल्यावर तिची बोटं पुढच्या सीटच्या मागे वाजायला लागली. मी हात मांडीवरच ठेवले.

घरी यायच्या आधी कोपऱ्यावरच्या दुकानातून चौकोनी बॅटरी घेतली आणि दुसऱ्या मजल्यावर थांबलो. काकांनी दार उघडलं. म्हणाले, आठवडाभर सकाळी वरून काही नाही. चहा गरम प्यायलो. मजा नाही आली.

बॅटरी त्यांच्या हातात दिली. उशीर झाला, म्हणालो. त्यांनी ती मीटरच्या पोटात बसवली, झाकण लावलं, दोन टोकं एकमेकांना टेकवून पाहिली. काटा उठला. त्यांनी विचारलं, तिसरा ठोका?

म्हणालो, वेळेवर आला. सगळे आले.

तुम्ही वाजवलंत?

नाही, म्हणालो. मी वायर धरली होती.